बारकीनं पुढं ढकललेलं ऑपरेशन

तिला बारकी म्हणायचे, कारण चार भावंडांत ती शेवटची आणि लहानपणी अगदी काडी. तेराव्या वर्षापर्यंत नाव शोभलं. मग दीड वर्षात तिचं अंग असं काही भरलं, की गल्लीतल्या टोळक्याला तेच नाव हाक मारायला जास्त गोड लागायला लागलं. 'बारकी आली रे' म्हटलं की मागून हसू. घरात कुणाला नाव बदलायचं सुचलं नाही. आईनं एवढंच केलं, की दोन मापं मोठे शर्ट आणले आणि सांगितलं, 'जरा खांदे पाडून चालत जा.' आईची माया ती. तिला तरी दुसरं काय येत होतं. बारकी खांदे पाडून चालायला लागली ती लागलीच.

तर ही बारकी घड्याळजी झाली. या कामात बाई विरळाच. एकोणिसाव्या वर्षी ती दुकानात उभी राहिली तेव्हा मालकांनी, म्हणजे उस्तादांनी, तिच्यासमोर पांढरा कागद पसरला, त्यावर चिमूटभर खसखस टाकली आणि हातात चिमटा दिला. 'एकेक दाणा उचलून बशीत ठेव. हात कापला तर घरी जा.' दोन तास ती खसखस वेचत बसली. उस्ताद मध्ये चहा पिऊन आले, पेपर वाचून आले. कागद रिकामा झाला तेव्हा त्यांनी बशीकडं बघितलंसुद्धा नाही, म्हणाले, 'उद्यापासून नऊला ये.'

घड्याळजीचं टेबल साध्या टेबलापेक्षा पुष्कळ उंच असतं, चांगलं छातीला लागेल इतकं. कोपरं टेकवायची, डोळ्याला भिंग लावायचं, घड्याळ आपसूक डोळ्याजवळ येतं आणि मान मोडत नाही. शहाण्या माणसानं केलेली सोय आहे, पण करताना त्यानं बारकीसारखं कुणी डोळ्यांसमोर आणलं नव्हतं. ती त्या टेबलाला बसली की तिची छाती आधी टेबलावर. समोरची निम्मी जागा झाकली जायची. चाकं, स्क्रू शर्टाला चिकटायचे. एकदा एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा स्क्रू तिनं सगळ्या दुकानात शोधला आणि तो संध्याकाळी घरी कपडे बदलताना सापडला. कारागीर महिनाभर त्यावर हसले. शेवटी तिनं सुताराला बोलावून टेबलाचे पाय चार बोटं कापून घेतले आणि बुटक्या टेबलावर वाकून काम करायला लागली. दिवसाचे नऊ तास, वर्षाचे तीनशे दिवस, दहा वर्षं.

पण हात सोन्याचा. जुनी, किल्लीची, कुणी हात लावायला धजत नाही अशी घड्याळं लांबून यायची ती तिच्या नावावर. उस्ताद गिऱ्हाइकाला सांगायचे, 'बाईंना दाखवतो, मग बोलू.' या एका वाक्यावर बारकी आठवडाभर खूश असायची. तिला दुसरं काही नको होतं असं नाही, पण हे तिला हवं होतं आणि ते तिनं स्वतः मिळवलेलं होतं.

अंगानं मात्र वसुली चालू ठेवली होती. ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर बोट मावेल एवढ्या खाचा पडल्या. उन्हाळ्यात छातीखालची कातडी सोलायची. पोटावर झोपणं म्हणजे काय हे ती विसरून गेली. बायका म्हणायच्या, 'नशीबवान आहेस, लोक पैसे देऊन करून घेतात.' असल्या बायकांना दोन दिवस ते ओझं गळ्यात बांधून फिरवलं पाहिजे. हे सगळं तिनं सोसलं. पण लग्नानंतर दोन वर्षांनी, एकोणतिसाव्या वर्षी, उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट सकाळी उठल्यावर झोपलेलंच राहायला लागलं. हात झटकला की जागं व्हायचं. मग झटकूनही होईना. आणि घड्याळजीची करंगळी म्हणजे शोभेचं बोट नव्हे. ती टेबलावर टेकवायची आणि तिच्या आधारानं बाकीचा हात स्थिर ठेवायचा. करंगळीला टेबल लागेना तेव्हा बारकी घाबरली.

या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडं असं करत ती एका सर्जनबाईंपर्यंत पोचली. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागं होतं. बारकीच्या आधी तेच लक्षात आलं. डॉक्टरबाईंनी तपासलं, खांद्यावरच्या खाचांतून बोट फिरवलं आणि सरळ सांगितलं, मानेतून हातात उतरणाऱ्या नसा दबताहेत, वजन आणि वाकणं दोन्ही मिळून. छाती लहान करता येईल. दोन्ही बाजूंचं मिळून दीड किलो तरी निघेल.

'दीड किलो,' बारकी म्हणाली आणि तिला हसू आलं. वजन असं आकड्यात तिला कुणी सांगितलं नव्हतं.

'मुलं हवी आहेत?'

'हवीत.'

'मग नीट ऐका. या ऑपरेशननंतर काहींना बाळाला पाजता येतं. काहींना थोडंच येतं, वरून भर घालावी लागते. काहींना येत नाही. तुमचं काय होईल ते मी लिहून देऊ शकत नाही. गरोदरपणात आकार पुन्हा वाढूही शकतो. हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला तुमची बोटं. नसा किती वर्षं दम धरतील तेही मी लिहून देऊ शकत नाही.'

'तुमची बहीण असती तर काय सांगितलं असतं?'

'तिलाही हेच विचारलं असतं, तुला काय हवंय.'

बारकीला राग आला. एवढी शिकलेली बाई, आणि उत्तर माझ्याच पदरात टाकते. पण बाईंनी पाच आठवड्यांनंतरचा एक मंगळवार वहीत लिहून ठेवला आणि म्हणाल्या, विचार करा, नको असेल तर फोन करा.

आता इथं बारकीची जी चूक झाली ती ऐका. उस्तादांच्या दुकानात एक नेम होता. घड्याळ उघडण्याआधी मालकाला विचारायचं. काय काय करायचं ते ठरवून घ्यायचं, आणि जेवढं ठरलं तेवढंच उघडायचं. चालू भागाला हात लावायचा नाही. तो उद्या बिघडला तर गिऱ्हाईक आपल्याच नावानं बोंब मारणार. दहा वर्षं हा नेम पाळून तो तिच्या हाडात गेलेला. म्हणून दवाखान्यातून बाहेर पडल्यावर तिनं काय केलं, तर मालकाला विचारायला निघाली. स्वतःच्या अंगाचा मालक शोधायला ही बाई घरभर फिरली. आणि असं विचारत फिरलं की मालक पैशाला पासरी मिळतात.

नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. भला माणूस. इतका भला, की त्याच्याशी भांडायचं म्हटलं तर पकडायला जागा सापडू नये. त्यानं सगळं ऐकून घेतलं, तिचा हात हातात घेतला, ती दोन बोटं चोळली आणि म्हणाला, 'निर्णय तुझा. तू म्हणशील तसं.' मग जरा थांबून, 'पण मूल झाल्यावर केलं तर चालणार नाही का? एखाद-दोन वर्षांचा तर प्रश्न आहे.' निर्णय तुझा, आणि पुढं 'पण'. त्या 'पण'मध्ये त्याचं सगळं म्हणणं आलं आणि तो मोकळा झाला.

सासूबाई मात्र आडपडदा ठेवणाऱ्या नव्हत्या. तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स म्हणून काढलेली बाई. हजारो पोरं त्यांनी आयांच्या छातीला लावली होती. नव्या आयांना त्या दटावायच्या, रडणाऱ्यांना कुशीत घ्यायच्या, दूध उतरेपर्यंत उठायच्या नाहीत. निवृत्त झाल्यावरही रस्त्यात बायका त्यांना थांबवून पोरं दाखवायच्या. त्यांच्या शब्दापुढं घरात कुणाचा शब्द चालायचा नाही, आणि या विषयात तर नाहीच.

'अगं, आईचं दूध ते आईचं दूध,' त्या म्हणाल्या. 'मी बघितलंय ना. पहिला घोट पोटात गेला की पोरं कशी निवतात ते मी बघितलंय. तुला देवानं एवढं दिलंय आणि तू ते कापून टाकायला निघालीस? हात दुखतो, कबूल. माझे पाय दुखले नाहीत तीस वर्षं? आधी मूल होऊ दे, पोटभर पाज, मग काय हवं ते कर. मी स्वतः येईन तुझ्याबरोबर ऑपरेशनला.'

'आणि बोटं?'

'बोटांचं काय, मलम लाव, शेक घे. पोराच्या तोंडचं काढून घेतलंस तर जन्मभर मनाला लागेल तुझ्या. मला माहितेय ते.'

शेवटचं वाक्य त्या जरा वेगळ्याच आवाजात बोलल्या. पण बारकीनं तिकडं लक्ष दिलं नाही, कारण तोवर तिच्या डोळ्यांसमोर ते मूल येऊन बसलं होतं. नसलेलं मूल फार अवघड असतं हो. त्याच्याशी वाद घालता येत नाही. बोटं खरी होती, खाचा खऱ्या होत्या, पण त्या सगळ्यांना त्या नसलेल्या मुलानं एका तोंडानं गप्प केलं. बारकीला वाटलं, आपण दीड किलोसाठी कुणाचा तरी घास काढतोय. मंगळवारच्या चार दिवस आधी तिनं दवाखान्यात फोन केला. तिकडून बाई म्हणाली, ठीक आहे, खोडते. दोन शब्दांत काम झालं.

एखाद-दोन वर्षांचा प्रश्न होता म्हणे. मूल काय घरच्यांच्या सोयीनं येतं? पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं. तपासण्या झाल्या, दोघांत काही दोष निघाला नाही, धीर धरा म्हणाले. धीर धरणं हे जणू बारकीचंच खातं होतं. तिसऱ्या वर्षी ती दोनदा सर्जनबाईंच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. आता एवढं थांबलोय तर अजून थोडं. उद्याच दिवस गेले तर? जुगार खेळणारा माणूसही हेच म्हणतो, पण त्याला निदान लोक शिव्या तरी घालतात. हिला सगळे समंजस म्हणत होते.

त्याच वर्षी ते घड्याळ आलं. एका म्हातारीच्या नवऱ्याचं, खिशातलं, झाकणाचं. घड्याळाच्या पोटात केसासारखी बारीक कमान असते, गोल गुंडाळलेली. तिच्यावर सगळी चाल. ती चिमट्यानं धरताना किती दाबायचं हे डोळ्याला कळत नाही, बोटाला कळतं. बारकीच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला अजून सगळं कळत होतं, पण खालची करंगळी टेबलावरून घसरली ते तिला कळलंच नाही. हात खाली आला, चिमटा कमानीत घुसला. क्षणात तिचं भजं झालं. तसली कमान आता कुठं मिळत नाही.

उस्ताद ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्वतः म्हातारीशी बोलले, स्वतःची चूक म्हणून सांगितली. मग बारकीला म्हणाले, 'पोरी, थोडे दिवस पुढं काउंटरला बस. सेल बदल, पट्टे बदल. हाताला आराम पडेल. टेबल तुझंच आहे.' दोन महिन्यांनी एक नवा कारागीर आला, चाळिशीचा, दुसऱ्या गावात नाव असलेला. बुटक्या टेबलावर त्याचे गुडघे अडायला लागले, म्हणून सुतार पुन्हा आला आणि टेबलाला चार बोटांचे पाय जोडून गेला. बारकी काउंटरवरून बघत होती. तिच्यासमोर तेव्हा एक गिऱ्हाईक उभं होतं, आणि ते घड्याळ सोडून सगळीकडं बघत होतं. तिनं सेल बदलला, झाकण बसवलं आणि घड्याळ त्याच्या हातात दिलं.

घरी जाऊन ती रडली. नवऱ्यानं पाठीवरून हात फिरवला. 'काउंटरचं काम हलकं आहे ना पण,' तो म्हणाला. त्या रात्री तिला पहिल्यांदा वाटलं, की या माणसाला आपण काय करतो हे कधी कळलंच नव्हतं. तेरा वर्षं आपण सेल बदलत होतो असंच त्याला वाटत असावं.

चौथ्या वर्षी, तेहतिसाव्या वर्षी, दिवस गेले. सासूबाईंनी तिला फुलासारखं जपलं हे सांगायलाच हवं. पाय चेपले, उशा लावल्या, ओझं उचलू दिलं नाही. एक ओझं कुणालाच उचलता येत नव्हतं, ते नऊ महिन्यांत आणखी वाढलं. बारकीला बसलं तरी धाप लागायची. पण तिला त्याचं काही वाटेना. हे ओझं आता कामाला येणार, ज्याच्यासाठी थांबलो ते आता होणार, असं ती स्वतःला सांगायची.

मुलगी झाली. सुरेख, काळ्याभोर केसांची, भूक घेऊनच आलेली.

दूध उतरलं नाही. पहिले दोन दिवस सगळे म्हणाले, येईल. तिसऱ्या दिवशी थेंब आले. चौथ्या दिवशीही थेंबच. सासूबाईंनी आपली तीस वर्षांची विद्या पणाला लावली. दर दोन तासांनी पोरीला छातीला लावलं, असं धरून, तसं धरून, शेकून, चोळून, पंप लावून. मुलगी तोंड लावायची, ओढायची, चिडायची, लाल होऊन रडायची आणि दमून झोपायची. भेटायला आलेली नवऱ्याची मावशी दारातूनच म्हणाली, 'एवढं सगळं असून थेंब नाही?' म्हणजे गल्लीतलं टोळकं परवडलं, ते निदान पाठीमागं हसायचं. वॉर्डातल्या डॉक्टरांना बारकीनं विचारलं, तर ते म्हणाले, आकाराचा आणि दुधाचा काही संबंध नसतो, बाई. काहींना येत नाही, त्याला इलाज नाही. ते त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की बारकीला वाटलं, हे चार वर्षांपूर्वी कुणीतरी मला असंच साधं सांगायला हवं होतं. सुरीशिवायही येत नाही काहींना. हे का नाही कुणी सांगितलं? जिनं तीस वर्षं बाळंतिणी बघितल्या तिला माहीत नव्हतं?

दहाव्या दिवशी मुलीचं वजन केलं, ते जन्मापेक्षा खाली होतं. डॉक्टरांनी डब्याचं दूध लिहून दिलं.

घरी पहिली बाटली सासूबाईंनी भरली. खिडकीजवळच्या खुर्चीत बारकी बसली होती, मांडीवर मुलगी. दूध किती गरम आहे ते बघायला बारकीनं बाटली उजव्या हातात घेतली, बोटांना नीट कळेना, मग डाव्या हातात घेतली. मुलगी बाटलीला लागली आणि अशी प्यायला लागली, की तिचा घट घट आवाज खोलीभर ऐकू यायला लागला. तिचे कान हलत होते. बारकीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

सासूबाई जवळ आल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, त्यात खोट नव्हती. त्यांनी बारकीच्या केसांवरून हात फिरवला.

'रडतेस काय वेडे,' त्या म्हणाल्या. 'डब्याच्या दुधावर पोरं वाढत नाहीत का? तुझा नवरा नाही वाढला?'

बारकीनं मान वर केली. 'म्हणजे?'

'अगं, चाळीस दिवसांचा होता तो, मला ड्युटीवर हजर व्हावं लागलं. नाहीतर नोकरी गेली असती. दूध असं होतं मला, कपडे भिजायचे वॉर्डात. दुसऱ्यांची पोरं रडली की माझं वाहायचं. पिळून मोरीत टाकायचे. आठवड्याभरात आटलं. सगळा डब्यावर वाढलाय तो. सहा फूट झाला की नाही?'

'हे तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलंत?'

'तेव्हा कसं सांगणार?' सासूबाई खाली बघत म्हणाल्या. 'कुणालाच नाही सांगितलं. वॉर्डात रोज बायकांना शिकवायचे, आणि माझं मूल... मला नाही जमलं, म्हणून तर तुझ्या मागं लागले होते. वाटलं, आपल्या घरात निदान तुला तरी जमावं.'

बारकीला ओरडता आलं असतं. पण ओरडायचं कुणावर, समोर एक म्हातारी उभी होती, पदरचं दुःख पस्तीस वर्षं झाकून ठेवलेली.

'तुमचं राहिलेलं तुम्ही माझ्या अंगावर फेडून घेतलंत, आई,' ती म्हणाली.

सासूबाई रिकामी होत आलेली बाटली हातात घेऊन आत गेल्या. नळ वाहायला लागल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तो थांबला नाही.

मुलगी भरल्या पोटी पेंगायला लागली होती. बारकीनं तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि ढेकर यावी म्हणून हळूहळू तिची पाठ थोपटायला लागली. उजव्या हाताच्या तीन बोटांना मुलीची पाठ लागत होती, ऊबदार, श्वासाबरोबर वर-खाली होणारी. दोन बोटांना काहीच लागत नव्हतं.